आईचा हिरवा आणि माझा डोळा

मी एक जुना रंगमापक आहे आणि सध्या माझे डोके तापलेले आहे. मित्रांनो, स्वतःची कहाणी सांगताना गोड बोलावे, असा रिवाज आहे. पण माझ्यावर आला तसा आळ तुमच्यावर आला असता, तर तुम्हीही गोड बोलला नसता.

आधी मी कोण ते सांगतो. मी साबणाच्या वडीएवढा आहे. पोटाला काचेचा एक डोळा आणि मागे शेपटीसारखी वायर. मला संगणकाच्या स्क्रीनवर लटकवतात. मग स्क्रीन लाल, हिरवा, निळा, पांढरा असे रंग दाखवते आणि त्यातला प्रत्येक रंग खरोखर कसा उतरला, ते मोजून मी संगणकाला कळवतो. स्क्रीन निळसर असेल तर तो निळा कमी करतो, पिवळट असेल तर निळा वाढवतो. नव्या स्क्रीन मोठ्या बढाईखोर असतात. दुकानात उठून दिसाव्यात म्हणून त्यांना भडक करून पाठवतात. त्यांना ताळ्यावर आणणे हे माझे काम.

कारखान्यात एका बाईंनी मला ठरावीक दिव्यासमोर धरून माझा डोळा तपासला होता. "हा चोख आहे," त्या म्हणाल्या. पुढे मी एका फोटोग्राफरच्या घरी आलो. पुढच्या खोलीत त्याचा स्टुडिओ होता आणि मागच्या खोलीत त्याची आई चित्रे काढायची. सुरुवातीला माझी चांगली बडदास्त होती. काम झाले की तो मला मऊ कापडाने पुसून डबीत ठेवायचा आणि गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवायचा. मग त्याला कंटाळा आला. डबी हरवली आणि मी खणात जाऊन पडलो, संपलेल्या बॅटऱ्या आणि वाळलेल्या पेनांच्या शेजारी. तिथे मला कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

पुढे आईच्या चित्रांचे पुस्तक छापायचे ठरले. आई तळी रंगवायची. त्यांचा हिरवा ती स्वतः घोटून तयार करायची, निळ्याकडे झुकणारा, गार, खोल पाण्याचा. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू धरू लागला होता. ती मुलाला म्हणाली, "मला नीट दिसतंय तोवर कर बाबा पुस्तक. रंग मीच तपासून देईन." एवढेच तिचे मागणे होते.

मुलाने या कामासाठी मोठा नवा मॉनिटर आणला. श्वास रोखून खोक्यातून काढला, खिडकीला पडदा ओढला, मॉनिटर तापू दिला, ब्राइटनेस उतरवला. सगळे कसे शिस्तीत. मग मला खणातून काढून उलटे केले आणि म्हणाला, "हा खालून खरखरीत झालाय. नव्या स्क्रीनवर ओरखडा यायचा." आणि या शहाण्याने जुन्या अल्बमच्या प्लास्टिकच्या पानाचा तुकडा कापून चिकटपट्टीने माझ्या पोटावर डकवला. डोळ्यासकट.

अल्बमची ती पाने कशी पिवळी पडतात, तुम्ही पाहिले असेल. मला पांढरासुद्धा पिवळा दिसू लागला. जे दिसले ते मी कळवले आणि संगणकाने स्क्रीनमध्ये निळा ओतला. वर काम फत्ते झाल्याची खूण दाखवली. मला तोंड असते तर मी असे काही बोललो असतो की ते तुमच्यासमोर सांगता आले नसते.

आई मूळ चित्र घेऊन स्क्रीनपुढे बसली. "जास्त निळं दिसतंय रे," ती म्हणाली.

"मोजून घेतलंय आई," तो म्हणाला. तरी तिच्या समाधानासाठी त्याने फोटोत पिवळा वाढवला, स्क्रीनवरचे तळे चित्रातल्या तळ्याशी जुळेपर्यंत. मग नमुन्याची पाने छापून आली. स्क्रीनचा जादा निळा स्क्रीनपाशीच राहिला आणि कागदावर आला तो वाढवलेला पिवळा. सगळी तळी वाळक्या गवतासारखी.

"हा माझा हिरवा नाही," आई म्हणाली.

"अगं, तूच तर पिवळं वाढवायला लावलंस."

"तेव्हा निळं होतं. आता पिवळं आहे."

तो तिच्या शेजारी बसला. मग लहान मुलाची समजूत घालावी तसा म्हणाला, "आई, मोतीबिंदूने पिवळट दिसतं. डॉक्टर म्हणालेच होते ना? मशीन कशाला चुकेल?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली ती इथे. तो ओरडला असता तर ती भांडली असती. त्याने तिची कीव केली. तिने पान उजेडात धरले, एक डोळा मिटून पाहिले, मग दुसरा मिटून पाहिले. "असेल," ती म्हणाली. तिने ब्रश धुऊन ठेवले आणि मागच्या खोलीचे दार ओढून घेतले. पुस्तक तिथेच थांबले. अहो, पिवळे दिसत होते ते मला, तिला नव्हे.

गिऱ्हाइकांचे फोटोही तो त्याच स्क्रीनवर बघून करत होता, मग त्यांची कुरबुर सुरू झाली. फोटोतले सगळे कावीळ झाल्यासारखे दिसत होते. इतक्या लोकांना एकदम मोतीबिंदू होत नाही, एवढे त्याला कळले. लगेच खापर माझ्या डोक्यावर फुटले. "हे डबडंच बिघडलंय," म्हणत त्याने मला टेबलावर आपटले. मी एका कोऱ्या कागदावर उताणा पडलो. त्याची बायको शेजारीच होती.

"अहो, याला हे पिवळं काय लावलंय?"

"ओरखडा येऊ नये म्हणून..." तिने नखाने प्लास्टिक सोलून काढले.

मी पुन्हा मोजले. स्क्रीन शुद्धीवर आली. फोटोतला जादा पिवळा काढून, नवे पान छापून तो आईकडे धावला. "आई, बघ. मशीनचा घोळ होता."

मशीनचा घोळ. ऐकलेत ना, मित्रांनो?

आईने पान बराच वेळ पाहिले. "हो. हा माझा."

"मग छापू पुस्तक?"

"छाप."

"आणि नवीन चित्र कधी काढतेस?"

तिने पान त्याच्या हातात परत दिले. "परवा बसले होते रंग घोटायला. हात मधेच थांबला. वाटलं, हा हिरवाच आहे का, ते आधी तुला विचारावं. असं कधी वाटलं नव्हतं रे मला."

मित्रांनो, वस्तू जरूर जपा. आम्हाला पुसा, डबीत ठेवा, पण वापरण्याआधी उलटून बघा. आणि कुणी "हे बरोबर नाही" म्हणाले, तर आधी माझ्या डोळ्यावर संशय घ्या. मला त्याचे काही वाटत नाही, माझे प्लास्टिक नखाने निघते. तो मुलगा हल्ली रोज मागच्या खोलीत जाऊन आईसमोर रंगांची पेटी उघडून ठेवतो. आई त्याच्याशी बोलते, हसते, आणि पेटी बंद करून त्याच्या हातात देते.