फिरत्या खुर्चीवर जळणारी शिडी

मित्रांनो, मी शाळेच्या ग्रंथालयातली एक जुनी लाकडी शिडी आहे. तीन पायऱ्यांची, मागे दोन तिरके पाय असलेली. आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव जळकुटा आहे. माझी गोष्ट ऐकायची तर तो तुम्हाला सोसावा लागेल.

मोडक्या बाकांच्या फळ्यांतून शाळेच्या सुताराने मला बनवलं. त्याला घाई होती, म्हणून माझा मागचा डावा पाय पहिल्यापासून जरा नाठाळ. पण ग्रंथालयाच्या बाईंनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. बाई उंचीने बेताच्याच. तोवर वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला त्या एखाद्या उंच मुलाची वाट बघत बसायच्या. आता त्या चपला खाली काढायच्या आणि अनवाणी चढायच्या. पाऊल नेहमी पायरीच्या कडेला, जिथे लाकूड जाड आहे तिथे. मी जरा कुरकुरले की लगेच सुताराला हाक जायची. "ही आहे म्हणून माझा हात पुरतो," असं त्या नव्या मुलांना सांगायच्या. काय सांगू, माझ्यासारख्या लाकडाच्याही अंगावर मूठभर मांस चढायचं!

मग एक दिवस संगणक आला. त्याचं मला काही वाटलं नाही. तो आपला टेबलावर गप्प बसून असायचा. पण त्याच्यासोबत आली एक खुर्ची. काळी, गुबगुबीत, खाली चाकं लावलेली, बसल्या जागी गर्रकन फिरणारी. माझी सवतच म्हणा ना! बाई तिच्यावर बसल्या. त्यांचे पाय जमिनीला पुरत नव्हते, तरी एकदा गोल फिरल्या आणि खुदकन हसल्या. ते हसू आजही माझ्या डोळ्यांत खुपतं.

संगणक मांडायला वरच्या मजल्यावरचे संगणकाचे सर आले होते. धिप्पाड गडी, पायात जाड बूट. बाईंचं आणि त्यांचं आधी मुळीच पटेना, आणि मी मनातून खूश होते. सरांनी सगळी पुस्तकं लेखकाच्या नावाने संगणकात भरली आणि हात झटकले. मुलं यायची, शोधायची, काही सापडायचं नाही आणि तोंड वाकडं करून परत जायची. शेवटी बाईंनी सरांना शेजारी बसवून घेतलं. मुलांना लेखकाचं नाव कुठे ठाऊक असतं, असं त्यांनी समजावलं. मुलं मागतात ते कुत्रा हरवतो ते पुस्तक, वाचून रडू येतं ते, शेवटी आजोबा परत येतात ते. सरांनी बराच वेळ डोकं खाजवलं. मग प्रत्येक पुस्तकापुढे त्यांनी एक नवा रकाना केला, मुलं ते पुस्तक कसं मागतात ते लिहायचा. बाई एकेक पुस्तक आठवून त्यात भरायला लागल्या, आणि कुठे अडलं की सर धावत खाली यायचे.

झालं! दोघांची गट्टी जमली. मुलांना पुस्तकं सापडायला लागली, तीही कित्येक वर्षं कोणी न मागितलेली, अगदी वरच्या फळीवरची. मला वाटलं, आता माझे दिवस आले. कसले दिवस अन् कसलं काय! बाई खुर्चीवरून हलायच्याच नाहीत. माझ्यावर चढायचे ते सर. बुटांसकट. पाऊल धपकन पायरीच्या मधोमध. बाई खालून सांगायच्या, वरून दुसरी फळी, हिरवा पुठ्ठा, आणि सर काढून द्यायचे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांच्या पावलांसाठी मी जन्मले, त्या बाई दुसरीच्या मांडीवर बसणार आणि या बूटवाल्याचं ओझं मी वाहायचं? माझ्या मागच्या पायाचा स्क्रू ढिला होत चालला होता. मी कुरकुरत होते, पण पंख्याच्या घरघरीत बाईंना ते ऐकूच जात नव्हतं. मग मीही म्हटलं, होऊ दे ढिला. एक दिवस यांना असं आपटते की पुन्हा वर चढायचं नाव काढणार नाहीत. मग बाईंना माझ्याकडे यावंच लागेल.

आणि तो दिवस आला. मधली सुट्टी नुकतीच संपली होती. सर तिसऱ्या पायरीवर होते, दोन्ही हातांत पुस्तकं. माझा स्क्रू शेवटच्या आट्यावर लटकत होता. मी नुसतं अंग सैल सोडायचा अवकाश होता. सरांनाही डुगडुग जाणवली. "बाई, ही गेली कामातून," ते म्हणाले. "मोडीत काढू, नवी मागवू."

"नको हो," बाई हळूच म्हणाल्या. "नवी मागवली की मोठ्या बाई विचारणार, जुनीवर चढत होतं कोण. डॉक्टरांनी मला चढायची बंदी केलीय हे कळलं, तर त्या मला ऑफिसात बसवतील. या गुडघ्यापायी माझं ग्रंथालय जाईल, सर." मग त्या म्हणाल्या, "आणि हिला मोडीत काढायचं नाही. मला चढता येत नाही म्हणून काय झालं? माझी आहे ती."

मित्रांनो, मी थिजलेच. गुडघा! बाईंनी मला सोडलंच नव्हतं. आणि मी ज्यांच्यावर दातओठ खात होते, ते सर इतके दिवस बाईंचं दुखणं झाकत होते.

नेमक्या तेव्हाच मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, दारात येऊन उभ्या राहिल्या. आता सर पडले असते तर चौकशी झाली असती आणि सगळंच बाहेर आलं असतं. मी जीव खाऊन उभी राहिले. नाठाळ पाय फरशीत रोवला. आतून लाकूड करकरलं, पण मी हलले नाही.

"सर, तुम्ही वर काय करताय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"पुस्तक हातात घेतल्याशिवाय संगणकात काय भरायचं ते मला कळत नाही," सर वरूनच म्हणाले. "वरचं मी बघतो, पडद्यावरचं बाई बघतात. आम्ही वाटून घेतलंय."

मोठ्या बाईंनी सरांकडे पाहिलं, मग टेबलाखाली लांब केलेल्या बाईंच्या पायाकडे पाहिलं. "मुलं बरीच वाचायला लागलीत," त्या म्हणाल्या. "वाटून घेतलंय तर तसंच चालू द्या. सर, या तासाला तुम्ही रोज इथेच येत जा." आणि त्या निघून गेल्या. त्यांना किती कळलं होतं, कोण जाणे. बाईंचा जीव मात्र भांड्यात पडला.

सर उतरले आणि त्यांनी मला उलटं केलं. निघाली माझी वरात भंगारात, असं मला वाटलं. पण ते वरून संगणक उघडायचा पेचकस घेऊन आले. तो फारच बारीक पडला, तेव्हा सुताराकडून मोठा आणला. त्यांनी स्क्रू घट्ट आवळला, शेजारी दुसरा मारला आणि मला टेबलाखाली सरकवून म्हणाले, "पाय असे लोंबकळत ठेवू नका, बाई. काम नसेल तेव्हा हिच्यावर ठेवत जा."

बाईंनी चपला काढल्या. माझ्या पहिल्या पायरीवर त्यांनी पाय ठेवले, कडेला, जिथे लाकूड जाड आहे तिथे.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात, वर्गात काही कुरकुरत असेल तर कानाडोळा करू नका. एक आटा आवळायला असा कितीसा वेळ लागतो! तसंच कोणी तुमच्याकडे यायचं थांबलं, तर जळण्याआधी त्याचा गुडघा तर दुखत नाही ना, एवढं बघा. आणि माझ्यासारखीवर चढताना बूट काढा. सरांना मात्र हे कोणीतरी सांगायला हवं, ते अजून ऐकत नाहीत.

माझा स्वभाव काही बदललेला नाही. बाई काम करत असतात आणि ती काळी खुर्ची वर मिरवत असते. मिरवू दे. बाईंची अनवाणी पावलं माझ्याकडे आहेत.