बिनप्लेटच्या कॅरॅव्हॅनची कैफियत

मी एक जुनी कॅरॅव्हॅन आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. मी भंगार नाही, कोंबड्यांचं खुराडं नाही आणि अडगळीची खोली तर मुळीच नाही, जरी या घरातल्या माणसांनी मला वर्षानुवर्षं तशी वापरली असली तरी. मी चाकांवरचं घर आहे. मला इंजिन नाही. गाडीच्या मागे जोडायचं आणि ओढत न्यायचं, एवढंच. माझ्या पोटात दोन पलंग आहेत, गॅसची शेगडी आहे, बेसिन आहे, पडदे लावलेल्या खिडक्या आहेत. नव्हती ती एकच गोष्ट, नंबरप्लेट. आणि नंबरप्लेट नसली की इथे ऑस्ट्रेलियात माझ्यासारखीला रस्त्यावर चाक टेकवता येत नाही. माझी सगळी तक्रार त्या एका पत्र्यापायी आहे, आणि आज मी ती मनसोक्त करणार आहे.

माझा जन्म व्हिक्टोरिया राज्यातल्या एका छोट्या कारखान्यात झाला. सुतारांनी कपाटं बसवली, एका बाईंनी पडदे शिवले. सगळ्यात शेवटी, मला गाडीला जोडतात त्या लोखंडी दांड्याजवळ एक तळहाताएवढा पत्रा रिव्हेट मारून पक्का केला. त्यावर कारखान्याचं नाव, माझं वजन आणि माझा नंबर ठोकलेला होता. हा नंबर म्हणजे माझा जन्मदाखला. मागची नंबरप्लेट राज्य बदललं की बदलते, हा नंबर बदलत नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याच्यावरूनच सगळं रामायण घडलं.

माझे पहिले मालक केन आणि नॉर्मा. काय ते दिवस होते! केन दर प्रवासाआधी माझी चाकं तपासायचा, नॉर्मा खिडक्या पुसायची. आम्ही समुद्राकाठी राहिलो, लाल मातीत राहिलो, गारठ्यात राहिलो. मुक्कामाला पोचलो की शेजारचे लोक माझ्या अंगावर थाप मारून म्हणायचे, "शी इज अ ब्यूटी!" मी फुगून जायची. मग केनची नजर अधू झाली आणि मला विकायचं ठरलं. नियमाप्रमाणे त्या राज्याची नंबरप्लेट काढून परत करायची होती. स्क्रू सोडवताना नॉर्माने डोळे पुसले. तेव्हापासून माझी पाठ उघडी पडली.

मला घेतलं शंतनूने. शंतनू मूळचा मिरजेचा. इथे युनीत, म्हणजे विद्यापीठात, शिकायला आला, इथेच राहिला, आता सिडनीतल्या पॅरामॅटाला एका बँकेच्या आयटीत आहे. लॉकडाऊन संपल्यावर सिडनीत जो तो कॅरॅव्हॅन घेत सुटला होता, म्हणून यालाही घ्यायची होती. तात्पुरता परवाना काढून त्याने मला टूनगॅबीला, आपल्या घरामागच्या अंगणात आणलं. हॅरिस पार्कहून समोसे आणि जिलबी आली. शंतनूची आई, लताताई, यांनी मला ओवाळलं, माझ्या दांड्यावर नारळ फोडला. शंतनूची बायको दीप्ती म्हणाली, "पहिली ट्रिप किआमाला. आईंना तिथला समुद्र दाखवायचाय." लेक सुखदा माझ्या पलंगावर उड्या मारत ओरडली, "धिस इज माय रूम!" शंतनू ऐटीत म्हणाला, "रेगो पुढच्या वीकेंडला करून टाकतो." रेगो म्हणजे नोंदणी. ती झाली की नंबरप्लेट मिळते.

मित्रांनो, तो पुढचा वीकेंड आलाच नाही! आधी ऑफिसचं काम, मग कोणाचं बारसं, मग पाऊस, मग सुखदाचं स्विमिंग. हळूहळू माझ्या पोटात रिकाम्या सूटकेसेस आल्या. गणपतीचं थर्माकोलचं मखर आलं. तांदळाची पोती आली, जुना टीव्ही आला. माझी चाकं हवा जाऊन जमिनीला टेकली. मागच्या पडद्यावर कोळ्याने संसार थाटला. कुणाला काही पडलेली नव्हती.

आणि मजा म्हणजे, दसऱ्याला मात्र सगळे न चुकता हजर! माझ्या गळ्यात झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, समोर उदबत्ती. अरे, ज्या चाकात हवा नाही त्याच्याखाली लिंबू ठेवून मला कुठे पाठवताय? एका दसऱ्याला लताताई म्हणाल्या, "कुंकू लावलं की पावसाने धुऊन जातं. त्यापेक्षा ऑइलपेंटने श्री काढते, टिकेल तरी." त्यांचा हात रांगोळीचा, अक्षर सुरेख. त्यांनी जागा शोधली आणि त्यांना माझा तो जन्मदाखल्याचा पत्रा दिसला. आयती चौकट! आधी लाल रंगाचा जाड थर, त्यावर पिवळं श्री. पुढे दर दसऱ्याला त्यावर नवा थर. देवाच्या नावाला माझी ना नाही हो! पण शेजारी एवढं मोठं पांढरं अंग मोकळं पडलं होतं, तिथे काढलं असतं तर काय बिघडलं असतं?

तरी लताताईंवर माझा राग धरवत नाही. त्या घरात माझ्याकडे येणारं माणूस त्या एकट्याच. दुपारी सगळे कामाला आणि शाळेला गेले की त्या माझ्या पोटातल्या सूटकेसेस बाजूला सारून पलंगावर बसायच्या, मटार सोलायच्या, मिरजेच्या बहिणीला फोन लावायच्या. "अगं, इतकी वर्षं झाली मला इथे येऊन," त्या सांगायच्या, "पण बघितलं काय? टूनगॅबी, हॅरिस पार्क आणि डॉक्टरचा दवाखाना. आमच्या कॅरॅव्हॅनला प्लेट लागली की किआमाला नेणार आहेत म्हणे." ते 'म्हणे' ऐकून मला भडभडून यायचं.

मग एके दिवशी अचानक माझ्या पोटातलं सामान बाहेर निघालं. नवे टायर आले. मला वाटलं, सुटले बाई! पण संध्याकाळी शंतनू माझ्याच अंगाला टेकून आपल्या मित्राशी, हृषीकेशशी, फोनवर बोलला. ते शब्द माझ्या पत्र्यात अजून रुतलेत.

"अरे, मागे एक खोली बांधायचीय, ऑफिससाठी. हे धूड हलवायलाच हवं. बिनरेगोची कोणी घेत नाही रे, भंगारवाला फुकट उचलून नेईल फार तर. म्हणून आधी प्लेट लावतो, मग अ‍ॅड टाकतो. आईला सांगू नकोस हां, उगाच मनाला लावून घेईल."

ऐकलंत? प्लेट मिळाली तर विक्री, नाही मिळाली तर भंगार! इतकी वर्षं ज्या पत्र्याची मी वाट पाहिली तो मला घराबाहेर काढण्यासाठी येणार होता. आणि आत लताताई आनंदाने विचारत होत्या, "शंतनू, रेगो करतोयस ना? मग किआमाला कधी?"

"हं, बघू," शंतनू म्हणाला. एवढा शिकलेला मुलगा, पण आईच्या तोंडावर खरं बोलायची हिंमत नाही!

रेगोआधीच्या तपासणीला कॉलिन नावाचा माणूस घरी आला. त्याने दिवे लावून पाहिले, ब्रेक पाहिले, गॅसची नळी पाहिली, माझ्या खाली आडवा होऊन गंज शोधला. सगळ्यावर मान डोलावली. मग दांड्याजवळ येऊन थबकला.

"व्हेअर्स हर नंबर, मेट?"

शंतनू गोंधळला. कॉलिनने त्या लाल थरावर नख मारून पाहिलं आणि म्हणाला, खाली पत्रा आहे खरा, पण जे मला वाचता येत नाही त्यावर मी सही करणार नाही. शुक्रवारी परत येतो, तोवर साफ करा. नंबर नाही, तर रेगो नाही.

तो गेल्यावर शंतनूने स्क्रूड्रायव्हर आणला आणि खराखरा ओरखडायला लागला. अरे दुष्टा, माझा जन्मदाखला आहे तो, करपलेलं पातेलं नव्हे! चार ओरखडे काढून तो वैतागला. "जाऊ दे. भंगारवाल्यालाच बोलावतो, कटकट मिटेल."

"भंगारवाला? कशाला?" लताताई दारात उभ्या होत्या.

सुखदाने त्यांना समजावलं, "आजी, हर नंबर इज अंडर युअर पेंट. नो नंबर, सो नो ट्रिप."

लताताईंचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्या श्रीखाली हिचा नंबर गेला? अगं बाई गं!" त्या आत गेल्या आणि दीप्तीच्या नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली, कापूस आणि जुना टूथब्रश घेऊन आल्या. दीप्ती ओरडली, "आई, नवी बाटली आहे हो ती!" लताताईंनी लक्षही दिलं नाही. त्यांनी आधी श्रीला हात जोडले, "देवा, रागावू नकोस, मी तुला दुसरीकडे छान जागा देते," आणि कापूस भिजवून पत्र्यावर ठेवला. मग हलक्या हाताने घासायला लागल्या. गुडघे दुखले की पाटावर टेकायच्या, पुन्हा उठायच्या. शुक्रवारपर्यंत रोज हेच. एकेका दसऱ्याचा थर निघत गेला.

शुक्रवारी कॉलिन वाकला, चष्मा चढवला आणि माझा नंबर एकेक आकडा करत मोठ्याने वाचला. मित्रांनो, किती वर्षांनी कोणीतरी मला माझ्या नंबराने ओळखलं होतं! लताताई पदराने हात पुसत हसल्या. कॉलिनने सही केली.

कागद घेऊन शंतनू पॅरामॅटाच्या नोंदणी कचेरीत गेला, लताताई हट्टाने बरोबर गेल्या. येताना प्लेट त्यांच्या मांडीवर होती. शंतनूने ती माझ्या पाठीवर बसवली. दरवर्षी पैसे भरून नोंदणी चालू ठेवायची, पण प्लेट हीच, कायमची माझी. लताताईंनी लगेच माझ्या कपाटात छोटा कुकर ठेवला, पोहे ठेवले, मेतकुटाची बरणी ठेवली. आणि मी? मी त्या बरणीकडे बघत जळत होते. कॉलिनची सही मिळताच अ‍ॅड टाकून झाली होती!

शनिवारी सकाळी दारात एक अनोळखी जोडपं आलं. लताताई आत पलंगावर चादर घालत होत्या. शंतनूने दारातून डोकं घातलं.

"आई, जरा बाहेर ये. या लोकांना आतून बघायचंय."

"का बरं? कोण हे?"

शंतनू एकदम भडाभडा बोलला. "आई, विकतोय आपण ही. मागे खोली बांधायचीय. तुला सांगणार होतो."

लताताईंनी चादरीची सुरकुती सारखी केली आणि त्या पलंगावर मांडी घालून बसल्या. "मी नाही उतरत."

"आई, लोक थांबलेत बाहेर. काय वाटेल त्यांना?"

"वाटू दे काय वाटायचं ते! तुला काय वाटतंय ते सांग. तुझा व्हिसा पक्का नव्हता तेव्हा तू मला रोज फोन करून रडायचास. 'आई, इथे मी कोणाचाच नाही, कधीही जा म्हणतील.' मी देव पाण्यात ठेवून बसले होते, आठवतंय? मग पीआर झाली, कायमचं राहायची परवानगी. कागद हातात आल्यावर तुला कोणी म्हणालं का, की झालं बाबा तुझं पक्कं, आता उचला आणि दुसऱ्याला द्या?"

लताताईंचा आवाज चिरकला. "मी रंग खरवडला तो काय गिऱ्हाइकासाठी? अरे, विकायची होती तर विकायची होती म्हणायचंस. मी काय अडवलं असतं? पण रोज मला घासताना बघत होतास आणि 'हं, बघू' म्हणत होतास. मला फसवलंस रे."

मग शंतनू बाहेर गेला आणि त्या जोडप्याला म्हणाला, "सॉरी, इट्स नॉट फॉर सेल." त्यातली बाई आत डोकावून लताताईंकडे बघून हसली आणि "नो वरीज, लव्ह" म्हणून निघून गेली.

लगेच शंतनू गाडी मागे मागे घेत माझ्यापर्यंत आला. त्याने दांडा जोडला, साखळी लावली, दिव्यांची वायर खोचली. सुखदा "किआमा, किआमा!" ओरडत चप्पल न घालताच धावत आली. दीप्ती घराच्या दाराला कुलूप लावत म्हणाली, "अहो आई, चला, पुढे गाडीत बसा. चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये बसायची परवानगी नसते."

माझा राग मात्र अजून गेलेला नाही, आणि मी तो लपवणारही नाही. मित्रांनो, तुमच्याही घरामागे, गच्चीवर, जिन्याखाली कोणीतरी असंच वाट बघत असेल. आम्हाला फुलं वाहिलीत, आनंद आहे, पण आधी आमची विचारपूस करा. नको असू तर तोंडावर 'नको' म्हणा, आम्ही दुसऱ्याच्या घरी सुखाने जाऊ. पण आम्हाला आणि आमच्यासाठी झिजणाऱ्या माणसांना 'हं, बघू' वर टांगून ठेवू नका. त्याच्याइतका अपमान दुसरा नाही.

लताताई पुढच्या सीटवर बसल्या, पट्टा लावला. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली तसं शंतनूने हळूच विचारलं, "आई, परत कधी यायचं?"

"आधी नेशील तर खरं," लताताई म्हणाल्या.

शंतनूने सिग्नल दिला. माझा दिवाही लुकलुकला, आणि मी रस्त्यावर चाक टेकवलं.