पोच न आलेले एकेचाळीस

“कुणी राहिलं का गं मागे?” दवाखाना बंद करताना आई रोज विचारायची. तिथे नंबर पुकारायचं काम तिचं. बाकं रिकामी दिसत असली तरी विचारायची, आणि मी “नाही” म्हणेपर्यंत कुलपाला हात लावायची नाही. कोपऱ्यात गृहपाठ करत बसलेल्या मला त्या प्रश्नाचा कंटाळा यायचा.

आता मीही रांगच सांभाळते. आमच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये रिपोर्ट तयार झाला, की पेशंटला पाठवायचा मेसेज डेटाबेसच्या टेबलात येऊन बसतो. एका मेसेजची एक ओळ, एकीच्या पाठीमागे दुसरी. माझा कोड सगळ्यात जुनी ओळ उचलतो, मेसेज कंपनीकडे पाठवतो, तिकडून पोच आली की ती ओळ पुसतो. पाठवणं आणि पुसणं यांच्या मधेच सर्व्हर आडवा झाला, तर ओळ तशीच राहते आणि तोच मेसेज पुन्हा जातो.

यावरून मामा मला छळायचे. मामा म्हणजे आमच्या गाडीचे ड्रायव्हर, शहरभर फिरून सॅम्पल गोळा करणारे. त्यांना एकच रिपोर्ट तीनदा गेला होता. डबे उघडलेले, सगळे बसलेले, तेव्हा म्हणाले की ताईंचं मशीन आमच्या मंडळींच्या वळणावर गेलंय, एकदा सांगून त्याचं भागत नाही. सगळे पोट धरून हसले. मीही हसले, पण घास काही गोड लागेना. त्याच दुपारी कोडमधल्या दोन कामांचा क्रम मी उलटा केला. आधी ओळ पुसायची, मग मेसेज पाठवायचा. दुबार मेसेज बंद झाले. लॅबच्या डॉक्टरबाईंनी शाबासकी दिली, ती मी घेतली.

पुढच्या महिन्यात एका मंगळवारी मेसेज कंपनीची लाइन अकरा मिनिटं गेली. कोड ओळ उचलत होता, पुसत होता, पाठवायला जात होता, आणि पलीकडे घ्यायला कुणी नव्हतं. मला दिसली ती रिकामी रांग. किती बरं वाटलं होतं ती बघून!

आठ दिवसांनी सहज लॉग चाळताना एकेचाळीस ओळी सापडल्या. पुसल्याची नोंद होती, पोच नव्हती. मी क्रम पुन्हा पहिल्यासारखा केला, रिपोर्ट शोधून एकेचाळीस मेसेज नव्याने रांगेत घातले, आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही.

त्यातला एक मामींचा होता. शुगर फार वाढली आहे, लगेच डॉक्टरांना दाखवा. तो मामांच्या फोनवर पोचला तेव्हा मामी आदल्या दिवसापासून इस्पितळात होत्या. पायाची जखम चिघळली होती. दोन बोटं काढावी लागली.

चार दिवस मी ठरवत होते आणि मोडत होते. पाचव्या दिवशी भेटीच्या वेळेला गेले. मामी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मामा स्टुलावर बसून संत्रं सोलत होते. सोललेल्या फोडी बशीत वाळत चालल्या होत्या, तरी ते सोलतच होते. मला बघून उठले, स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी बसले.

मग हळू आवाजात सांगू लागले. मामी त्यांच्याशी बोलत नव्हत्या, आणि का बोलावं त्यांनी? मेसेज नक्की आधी आलेला असणार. हा शेवटचा आला तो नेहमीसारखा दुसऱ्यांदा आलेला.

“पहिला मीच काढून टाकला असणार, ताई. दोनदोनदा येतात म्हणून न वाचता पुसायची सवय लागली होती मला. फोन दहादा धुंडाळला, सापडत नाही. म्हणजे मीच पुसला ना?”

मामींचा खांदा हलला. त्या जाग्या होत्या, ऐकत होत्या. मामांच्या बोटांना संत्र्याचा रस लागला होता, तसेच हात त्यांनी माझ्यापुढे जोडले आणि म्हणाले, तुमच्या मशीनची थट्टा करत बसलो, त्याची शिक्षा.

मी उभी राहिले, कारण बसून ते बोलता आलं नसतं. मामींनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, “मामा, हात खाली घ्या. पहिला मेसेज तुमच्याकडे आलाच नव्हता. पाठवायच्या आधीच पुसायला मशीनला मी शिकवलं होतं. आणि हे मला पाच दिवसांपासून माहीत आहे.”