स्वरालीचा सत्कार

धायरीतल्या त्या सोसायटीचे सेक्रेटरी बद्रीनाथकाका शुक्रवारी सकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन मंदाकिनीच्या दारात उभे राहिले, तेव्हाच तिला संशय आला. उगाच गोड बोलणारा माणूस नव्हता तो. रविवारी गणपतीतलं मुलांचं नाटक होतं आणि त्यात तिची स्वराली खाष्ट घरमालकीण होती. काकांनी सांगितलं, की ते काम आता सोसायटीतलीच ऋतुजा करील. स्वरालीला पहिल्या रांगेत गादीची खुर्ची, आणि नाटकाआधी शाल-श्रीफळ देऊन सत्कार. ‘झुंजार कन्या’ असा बॅनरही छापायला टाकला होता.

मंदाकिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोळा वर्षांची पोर. रक्ताचा कर्करोग दुसऱ्यांदा उलटलेला, औषधं आता फक्त दिवस वाढवत होती, आणि हे तिला स्वतःलाही माहीत होतं. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, गर्दीत मास्क लावा, दमली की बसवा, बाकी तिला हवं ते करू द्या. तीन आठवडे पोरगी घरभर त्या घरमालकिणीच्या तोऱ्यात वावरत होती. परवा तर दुसऱ्यांदा भात मागून घेतला होता. आणि हे लोक तिला जिवंतपणी हार घालायला निघाले होते.

"सत्कार कशाला? निवृत्त होतेय का ती?" मंदाकिनीने विचारलं. "आणि हे सुचवलं कुणी?"

काकांनी पुडा टीपॉयवर ठेवला. "सलिलरावांचाच फोन होता. आम्ही कशाला वाईटपणा घेऊ?"

शर्टाची बटणं लावत बाहेर येणारा तिचा नवरा सलिल तिथेच थबकला. मंदाकिनीला त्या दोघांनाही पुड्यासकट जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटलं. अडीच वर्षं ज्याने पोरीच्या उलट्या ओंजळीत झेलल्या, तो आता मागच्या दाराने फोन करत होता. स्टेजवर काही झालं तर, चारशे लोकांसमोर पडली तर, असं काहीतरी तो पुटपुटला.

स्वराली बेडरूमच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाबा, सत्कार कशाबद्दल? आजारी पडले म्हणून? त्यात माझं काय कर्तृत्व?"

सलिल शर्टाचं लावलेलंच बटण पुन्हा लावू लागला.

"पडले असते तर पडले असते. तू तर मला चढायच्या आधीच खाली उतरवलंस."

ती आत निघून गेली. मंदाकिनीने पेढे काकांच्या हातात परत दिले आणि नवऱ्याला सांगितलं, फोन तू केलास, आता तूच निस्तर. तिला त्याची दया येत होती आणि ती दाखवायची नव्हती. सलिल पायात चपला सरकवून गेला. आधी ऋतुजाच्या घरी, मग बॅनरवाल्याकडे, मग तालमीतल्या मुलांकडे. सगळ्यांची माफी मागून दुपारी परतला. काम परत मिळालं होतं.

रविवारी दुसऱ्या प्रवेशात स्वराली बोलता बोलता थांबली. तिला धाप लागली होती. मंडपात चुळबुळ सुरू झाली, आणि बद्रीनाथकाका पाण्याचा ग्लास घेऊन थेट स्टेजच्या पायऱ्या चढले. विंगेत सलिलने पाऊल पुढे टाकलं, तसं मंदाकिनीने त्याचं मनगट घट्ट धरलं.

स्वराली भाडेकरूच्या खाटेवर बसली, श्वास जमवला आणि काकांवर डोळे वटारले.

"तुम्हाला कुणी बोलावलं? आणि माझ्या घरात चपला घालून?"

सगळा मंडप हसला. काका गडबडून खरोखरच चपला काढायला वाकले. स्वराली हसू थांबायची वाट बघत बसली आणि मग तिने पुढचं वाक्य घेतलं.