लांबी भरलेल्या फटी

न विचारता कामं उरकायची, ही सुनेची खोड सासूबाईंच्या डोक्यात जायची. पडदे धुतले, विचारलं नाही. घड्याळ दुसऱ्या भिंतीवर टांगलं, विचारलं नाही. आणि आता आठ दिवस लेकीकडे काय राहून आल्या, तर हिने छपरालाच हात घातलेला!

फाटकातूनच दिसलं. छप्पर पातळ लाकडी फळ्यांचं, माशाच्या खवल्यांसारखं एकावर एक बसवलेलं. नवऱ्याने स्वतः ठोकलेलं. उन्हापावसाने पार करडं झालेलं. त्या करड्यात पुढच्या उतारावर आज पांढऱ्या रेघाच रेघा. शेजारच्या दोन फळ्यांमधली एकेक फट खिडकीच्या काचांना लावतात ती लांबी भरून बुजवलेली.

"हे काय गं?"

"फटी बुजवल्या, आई. कालच संपवलं, एकटीने!" सून पुस्तकबांधणी करायची, गोंदाचे हात पुसत बाहेर आली. "माळ्यावर माझे कागदांचे गठ्ठे आहेत ना. गळलं असतं म्हणजे?"

"इतकी वर्षं गळलं? एका फटीखाली दुसरी फळी असते, बाई. लाकूड पाणी पिऊन फुगतं, त्याला जागा नको? कमरेला दोरी आवळून पोटभर जेवून बघ, मग कळेल."

आभाळ भरून येत होतं. सासूबाईंनी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"शिडी लाव."

"आई, तुमचा गुडघा..."

"मी कुठे चढतेय? तू चढ. पटाशी घे, आणि फळीला ओरखडा नको."

लांबी अजून पुरती वाळली नव्हती, हे नशीब. सून उकरत होती आणि सासूबाई अंगणात येरझारा घालत होत्या. एक डोळा ढगांवर, एक सुनेच्या पायांवर.

"आई, इथे हिरवं धरलंय."

"शेवाळ ते. मऊ ब्रशने काढायचं, वरून खाली. पंपाने पाणी मारलंस तर लाकडाची सालटं निघतील."

"आणि ही कोपऱ्यातली पानं?"

"झाडून टाक आधी! पानं साचली की ओल राहते, ओल राहिली की कुजतं."

"हे मला कुणी सांगितलंच नाही."

सासूबाई थबकल्या. दरवर्षी त्या स्वतः चढायच्या, कुणाला शिडीही धरू द्यायच्या नाहीत. गुडघा गेला त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून वर कुणी फिरकलं नव्हतं. घरात सगळे जाड जाड पुस्तकं वाचणारे. सासूबाईंची गाडी मात्र शाळेत दुसरीतच अडलेली. छप्पर तेवढं एकट्या त्यांना यायचं.

टपोरे थेंब पडले.

"उतर! ओल्या लाकडावर पाय ठरत नाही."

"एकच ओळ राहिलीय, आई."

"राहू दे. उतर म्हणते ना!"

पाऊस संध्याकाळपर्यंत धरून राहिला. दोघी माळ्यावर गठ्ठ्यांपाशी मान वर करून बसल्या. कागद कोरडे होते. तरी सासूबाईंना बसवेना. दर दोन मिनिटांनी उठून वरच्या पट्ट्या चाचपत होत्या. तेवढ्यात बाहेर कडाड् वाजलं. खिडकीतून वाकून पाहिलं, तर वळचणीच्या त्या राहिलेल्या ओळीतल्या दोन फळ्या एकमेकींना रेटून खिळ्यांसकट उचलल्या गेल्या होत्या.

सुनेचा चेहरा एवढासा झाला. "चुकलं माझं."

"चुकलंच. विचारायला तोंड होतं तुला," सासूबाई म्हणाल्या. "आणि सांगायला मला होतं, तेही मी शिवून ठेवलं. उद्या ऊन पडलं की त्या दोन फळ्या तू बदलायच्यास, मी खाली शिडी धरीन. आजपासून छप्पर तुझं. पडदे मात्र मला विचारल्याशिवाय धुवायचे नाहीत."