बॉनेटवरचा हात

पॉलिशवाल्याला नजर लागते असं ज्याला वाटतं ना, त्याने खुशाल घरी बसून आरसे पुसावेत. आमच्या धंद्यात हात लागतो. मशीनवर फोमचा पॅड गरगर फिरतो, घासून रंग तापतो. जास्त तापला की वरचा चकचकीत थर उडालाच समजा. म्हणून अधूनमधून मशीन उचलायचं आणि उलटा हात पत्र्यावर ठेवायचा. सोसवलं तर पुढे जा, चटका बसला तर थांब. मुलुंडच्या आमच्या गॅरेजात हे सगळ्यांना मीच शिकवलं. मालक मार्तंड तर गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्या सिद्धेशचा हात म्हणजे थर्मामीटर आहे."

त्या थर्मामीटरची वाट लागली होती, आणि ते फक्त मला माहीत होतं. मशीनच्या थरथरीने आधी बोटांना मुंग्या यायच्या. मग मुंग्याही थांबल्या, तर मला बरंच वाटलं, बोला. डॉक्टर म्हणाला, नसा गेल्यात, मशीन सोडा. मी त्यालाच झापलं, मशीन सोडून काय तुमच्या दवाखान्यात लादी पुसू? घरी बायकोला, वसुधाला, काही सांगितलं नाही. ती उगाच जिवाला लावून घेते.

आज सकाळी एक काळी गाडी आली. बॉनेटवर मांजरांनी नखं मारलेली. मार्तंड म्हणाला, "ही तूच घे." ओरखडे खोल होते, म्हणून कडक पिवळा फोम लावला. कडेला रंग मुळातच पातळ असतो, तिथे दाबायचं नाही, हे मी झोपेतही सांगेन. दाबलं नाहीच. फिरवलं, हात ठेवला. गार. परत फिरवलं, परत ठेवला. गार. साला, माझाच हात माझ्याशी खोटं बोलत होता आणि मी मुकाट ऐकत होतो.

जळका वास आला तेव्हा मशीन उचललं. पिवळा फोम काळा झाला होता. वरच्या थराला रंगच नसतो, तो घासून पॅड काळा होत नाही. काळा झाला म्हणजे थर गेला आणि खालचा रंग निघाला. कडेला एक निस्तेज पट्टा उमटला होता. आता त्याला पॉलिश चालणार नाही, अख्खं बॉनेट रंगवायला लागणार.

मार्तंड आला. त्याने बॉनेटला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"अरे, भाजतंय की. तुला कळलं नाही?"

त्याने माझा हात धरून पत्र्यावर टेकवला. मी तो तसाच ठेवला. शेवटी त्यानेच मनगट ओढून बाजूला केलं. शिव्या घातल्या असत्या तर मीही दोन हासडल्या असत्या. तो फक्त "कधीपासून रे?" म्हणाला आणि मशीनची वायर स्वतःच गुंडाळायला लागला. "उद्यापासून गाड्या धुवायला उभा राहा," हे तो माझ्याकडे न बघता बोलला.

आजवर या हाताच्या जोरावर मी कुणाच्या बापाचं ऐकलं नाही. आता कशाच्या जोरावर तोंड चालवू? मला मेल्यासारखं झालं.

भांडुपला घरी आलो तर वसुधा मासळीला मसाला लावत होती. आमची दीप्ती पलंगावर आडवी.

"अहो, पोरगी शाळेतून आल्यापासून निजूनच आहे. जरा कपाळ बघा, माझे हात तिखटाचे आहेत."

मी कपाळावर हात ठेवला. काय सांगणार, कप्पाळ?

"गारच आहे," मी म्हणालो. "दमली असेल."

वसुधाचं समाधान झालं नाही. हात धुऊन ती आली, कपाळ बघितलं, मान बघितली. पोर तापाने फणफणली होती.

पलंगाच्या कडेला टेकून वसुधाने माझा हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट दाबायला लागली. मी बघत होतो, म्हणून मला कळलं.