दोन भाषांची एक यादी

१९९८ सालच्या त्या शुक्रवारी बाबा वारज्याच्या घरात माझ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून काढलेली मराठी पानं तपासत होते. छापखान्यात त्यांनी तीस वर्षं मुद्रितं वाचली होती. ओळीच्या शेवटी शब्द भलत्या जागी तुटला, की ते लाल पेन्सिलीने खूण करत. शब्द कुठे तोडायचा, याच्या नियमात न बसणाऱ्या शब्दांची यादी प्रोग्रॅमला द्यावी लागते. ती मी केली होती.

"आम्रपाली, मराठी शब्द हिंदीसारखे तुटतायत. दोन्हींची यादी एकच केलीस का?"

"लिपी एकच आहे, बाबा. प्रोग्रॅमला कळतं."

"मग मला कशाला दिलंस? सही करायला?"

मी पानं ओढून घेतली. संध्याकाळी ऑफिसात फाइल उघडून पाहिली. त्यांची प्रत्येक खूण बरोबर होती. घरी आले तेव्हा ते जेवत होते. सकाळी सांगू, असं म्हणून मी गप्प राहिले. पहाटे त्यांना झटका आला आणि दवाखान्यात पोचण्याआधीच ते गेले.

सहाव्या दिवशी मी कामावर गेले. माझे वरिष्ठ चेतन सर यांनी ग्राहकाला पाठवायची सॉफ्टवेअरची सीडी पाकिटात घातली होती.

"तू तपासलीस ना? न्यायला आलेला माणूस खाली थांबलाय."

याद्या वेगळ्या करायला आठवडा लागला असता, आणि ग्राहक उशिरामुळे आधीच चिडला होता. मी नुसती मान हलवली असती, तरी कुणाला काही कळलं नसतं.

"पाठवू नका, सर," मी म्हणाले. "बाबांनी माझी चूक दाखवली होती. त्यांचं बरोबर होतं. मला त्याच संध्याकाळी कळलं, आणि मी त्यांना सांगितलं नाही."